दोन्हीकडून वजा

१

निडीच्या गोदामात दत्तात्रेय शेट्ये सापडला तेव्हा तो नखशिखांत निळा होता. विषाबिषानं नव्हे, रंगाच्या भुकटीनं. हमरापूरचे मूर्तिकार गणपतीच्या शेल्याला जी निळाई लावतात, तिचं अख्खं पिंप त्याच्या अंगावर उपडं झालं होतं. डोकं मागून फुटलेलं. रक्त आणि निळाई एकत्र सुकून त्याचा जो काही रंग झाला होता, त्याला पंचनाम्यात काय नाव द्यावं ते रोह्याच्या हवालदाराला कळेना.

मेलेला माणूस दोन कंपन्यांचा मिळून एक हिशेबनीस होता. रोह्याचा कारखाना रंगाची भुकटी करायचा, पेणचा कारखाना ती विकत घेऊन तिचे तयार रंग करायचा, आणि ते रंग हमरापूरला जायचे. कंपन्या दोन, पण मालकीण एकच, आनंदीबाई बापट. मधल्या वाटेवर निडीला गोदाम आणि गोदामाला राखणदार एकच, पेणपलीकडच्या जिते गावचा काळुराम. प्रेत त्यानंच पाहिलं, बोंब त्यानंच ठोकली आणि दोन दिवसांत कोठडीतही तोच गेला. गरिबाचं असंच असतं, बोंब मारायचीसुद्धा चोरी!

दत्तात्रेय दोन्ही कंपन्यांचा मिळून ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या वर्षाचा जमाखर्चाचा अंदाज बनवत होता. तो पाहून बँक कर्ज देणार होती. बँक काही सुतक पाळत नाही, त्यामुळे अंदाज पुरा करायला आनंदीबाईंनी पेणहून मालती टिल्लूंना बोलावलं. मालतीबाई निवृत्त कॉस्ट अकाउंटंट. मुंबईतल्या मोठमोठ्या साहेबांना त्यांनी बेरीज-वजाबाकीवरून घाम फोडलेला. जीभ तिखट, गुडघे दुखरे.

त्या रोह्याच्या कचेरीत पहिल्या दिवशी शिरल्या तेव्हा दारातच एक बाई उकिडवी बसली होती. काळुरामची बायको, पुतळी.

"बाई, त्या मेलेल्याला माज्या मान्सानं नाय मारला," ती उठून म्हणाली. "तो जित्याला व्हता. माज्यासमोर जेवला. पन पोलीस म्हनतात, तू बायको, तुजा काय धरायचा? आता बायकोचा नाय तर कोनाचा धरनार?"

"मी पोलीस नाही गं. मी हिशेब बघायला आले आहे."

"मंग हिशेबात बगा. शेट्येसाहेब हिशेबापायीच मेले, असा अख्खा रोहा म्हनतो."

मालतीबाईंना राग आला. बाईचा नव्हे, तिचं म्हणणं पटलं त्याचा.

२

"सरळ केस आहे," इन्स्पेक्टर राऊळ म्हणाले. "गोदामात पुढच्या रांगेत भरलेली पिंपं, मागच्या सगळ्या रांगांत नुसती रिकामी पिंपं. राखणदार माल विकत होता. शेट्ये मोजायला गेला, त्यानं पकडलं. यानं पिंप उघडायची पहार घातली डोक्यात."

"आणि त्या दुपारी काळुराम होता कुठे म्हणतो?"

"पितृपक्ष ना. बापाची तिथी होती म्हणे. जित्याला घरी गेला, कावळ्याला पान ठेवलं, जेवला, संध्याकाळी परत आला. किल्ली वळचणीच्या खिळ्याला. साक्षीदार कोण, तर बायको, आई आणि भाऊ!" राऊळ हसले. "घरचेच सगळे. असली साक्ष कोर्टात टिकते का?"

"बरं. आणि बाकीचे कुठे होते?"

राऊळांनी सांगितलं. रोह्याचा मॅनेजर गोपाळ हा आनंदीबाईंचा भाचा. तो बाईंकडेच जेवत होता, असं बाई सांगतात. पेणचे मॅनेजर कमळाकर गुप्ते दिवसभर कारखान्यात होते, असं त्यांचा ड्रायव्हर आणि कारकून सांगतात. मालाची ने-आण करणाऱ्या महिपतीचा ट्रक हमरापूरला पाटा मोडून पडला होता. गॅरेजवाला तर सांगतोच, शिवाय मूर्तिकारांची दोन घरंही सांगतात.

मालतीबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "राऊळसाहेब, माझं सध्याचं काम काय आहे सांगू? सासूनं सुनेला शंभर रुपये दिले आणि सुनेनं त्याची सासूलाच साडी विकली, तर घरात कमाई किती झाली?"

"काहीच नाही."

"पण दोघींना वेगवेगळं विचारलंत, तर एक म्हणेल खर्च झाला, दुसरी म्हणेल कमाई झाली. रोह्यानं पेणला विकलं आणि पेणनं रोह्याकडून घेतलं, हे तसंच आहे. घराचा एकच अंदाज करायचा तर आपापसातलं दोन्हीकडून वजा करायचं. उरतं ते बाहेरचं, हमरापूरहून येणारं. तेच खरं."

"याचा खुनाशी काय संबंध?"

"तुम्ही काळुरामची घरची साक्ष वजा केलीत. चांगलं केलंत. मग भाच्यासाठी मावशीची साक्ष ती कुठली, बाहेरची? साहेबासाठी त्याच्याच ड्रायव्हरची कुठली? वजा करायचं तर सगळ्यांचं करा. तसं केलंत तर बाहेरचा साक्षीदार एकट्या महिपतीकडे उरतो. गोपाळ, कमळाकर आणि काळुराम, तिघेही एकाच पंगतीत आले."

राऊळांचा चेहरा आंबट झाला. "बाई, सोमवारी मी काळुरामला अलिबागच्या तुरुंगात पाठवतोय. तोवर तुमच्या वजाबाकीतून काही निघालं तर सांगा. नाहीतर मला माझं काम करू द्या."

३

महिपती फटकळ गडी होता. ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवूनच बोलला.

"मी हमाली करतो बाई. रोह्यानं भरलं की निडीला उतरवायचं, पेणनं मागितलं की निडीहून उचलायचं. मधे किती उरतं ते मी कशाला मोजू? पण एक सांगतो. काळुराम असली पिंपं विकेल कोणाला? त्याला गिऱ्हाईक कोण ओळखतं?"

"त्या दिवशी तो गोदामावर नसणार, हे कोणाला ठाऊक होतं?"

"जुन्या सगळ्यांना! बापाची तिथी तो कधी चुकवत नाय. कमळाकरकाकाच दर साली सांगतात, जा रे, पितरांना उपाशी ठेवू नको. आणि पितृपक्षात माझा ट्रकपण उभाच असतो. हमरापूरला त्या दिवसांत नवीन रंग कोण घेत नाय. निडीला चिटपाखरू नसतं."

गोपाळ घामाघूम झाला होता. तो चैत्रात रोह्याला आला, त्याआधी नाशिकला होता. काळुरामचं नावदेखील त्याला धड आठवेना. 'तो वॉचमन' म्हणत होता. तिथीचं विचारलं तर म्हणाला, "कसली तिथी? वॉचमन गोदाम सोडून जातो? मला का नाही सांगितलं कोणी?" आणि खरोखरच चिडला. मालतीबाईंना तो मुळीच आवडला नाही. पण न आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांना कळत होतं.

कमळाकरकाका मात्र कोणालाही आवडावेत असे. पेणच्या कारखान्यात त्यांच्या केबिनला दार असून ते कधी लागत नसे. दत्तात्रेयचं नाव निघताच त्यांचे डोळे भरले.

"मुलासारखा होता हो. त्याच्या बायकोकडे, शांतीकडे जाऊन आलो. ती पोर भिंतीकडे बघत बसलीय नुसती. मी म्हटलं, कंपनी तुला वाऱ्यावर सोडणार नाही."

"म्हणजे ती मयत मदत? सहा महिन्यांचा पगार?"

"हो. थोरल्या बापटांची पद्धत. माणूस गेला की रोह्यानं घरच्यांना सहा महिन्यांचा पगार द्यायचा, निम्मा पेणनं रोह्याला भरून द्यायचा. पण आता बाईंचा नियम! अंदाजात नाही तो खर्च वर्षभर मिळणार नाही. गेल्या साली आमचा जनू बॉयलरवर गेला. अंदाजात मरण कोण धरतं? त्याच्या बायकोनं वर्षभर लोकांची भांडी घासली. मी बाईंशी भांडलो, पण ऐकतील तर ना!" काकांनी चष्मा पुसला. "आणि काळुराम... वाईट वाटतं. मीच लावला होता त्याला कामाला."

मालतीबाई उठल्या. इतका भला माणूस पाहून एरवी त्यांना बरं वाटलं असतं. आज मनात काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

४

रविवारी त्या दत्तात्रेयच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी काळुराम अलिबागला जाणार होता. पुतळी बाहेर व्हरांड्यात बसून होती. जा म्हटलं तर जात नव्हती.

रोह्याचा अंदाज तयार होता. पेणचा मात्र दत्तात्रेयच्या टेबलावर लिफाफ्यात तसाच पडला होता, न फोडलेला. कचेरीतला शिपाई म्हणाला, "हा शेट्येसाहेब गेले त्याच सकाळी कुरियरनं आला. त्यांनी हातात घेतला तेवढ्यात पेणहून फोन आला. मीच उचलला, कमळाकरसाहेबांचाच आवाज होता. शेट्येसाहेब त्यांना म्हणाले, आलो निडीला, आणि निघाले तसेच."

मालतीबाईंनी शिपायासमोर लिफाफा फोडला आणि आपापसातले व्यवहार एकेक करून समोरासमोर ठेवले.

पहिलं भुकटीचं. रोहा म्हणतो, एवढी विकणार. पेण म्हणतो, एवढी घेणार. दोन्ही बाजू जुळायला हव्यात तेव्हाच खोडता येतात. पेणचा आकडा बराच कमी होता. मागचे हिशेब काढले, तर तिथंही तोच फरक! दर वर्षी त्या फरकापुढे 'माल वाटेत' असं लिहून पेणच्या मॅनेजरची सही. वाट ती केवढी, निडीपासून पेणपर्यंतची. आणि माल तिथं वर्षानुवर्षं चालतोच आहे! राखणदाराला पिंप चोरता येईल, पण ते दर वर्षी कागदावर वाटेत ठेवता येईल होय? दत्तात्रेय मोजायला का गेला ते समजलं. त्यानं नक्की काकांनाच आधी विचारलं असणार. मुलासारखा होता ना.

पण हा फरक कमळाकर ट्रकवर ढकलतील, नाहीतर गोदामावर, आणि फोन कामाचा होता म्हणतील. चोरीचा संशय येईल, खुनाचा पुरावा नाही.

त्या पुढे गेल्या. दत्तात्रेयचा पगार रोहा द्यायचा आणि निम्मा पेणकडून घ्यायचा. रोह्यानं बाराही महिने पेणकडून येणे धरलं होतं. पेणनं देणे धरलं होतं ते फक्त ऑक्टोबरचं. नोव्हेंबरपासून पुढचे सगळे महिने कोरे.

मालतीबाईंचा पेन थांबला.

त्याखाली पेणच्या अंदाजात आणखी एक ओळ होती. नोव्हेंबर: मयत मदत, रोह्यास देणे. रोह्याच्या बाजूला तिचा जोडीदार नव्हताच. रक्कम होती वरच्या ओळीतल्या दत्तात्रेयच्या महिन्याच्या वाट्याची बरोबर सहापट.

त्यांनी पुन्हा गुणून पाहिलं. मग लिफाफ्यावरची कुरियरची तारीख पुन्हा वाचली. ज्या सकाळी हा माणूस जिवंत होता, याच खुर्चीत बसून चहा पीत होता, त्या सकाळी त्याचं मरण छापील आकड्यांत त्याच्या हातात येऊन पडलं होतं. नुसता फोडायचा राहिला होता लिफाफा.

"देवा रे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. व्हरांड्यातून पुतळी धावत आत आली.

५

सोमवारी सकाळी आनंदीबाईंच्या दिवाणखान्यात पाच माणसं होती. आनंदीबाई, गोपाळ, कमळाकरकाका, मालतीबाई आणि घड्याळाकडे बघणारे राऊळ.

"काका, अंदाज जुळत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "म्हणून दोन बारीक गोष्टी विचारते. दत्तात्रेयच्या पगाराचा तुमचा वाटा नोव्हेंबरपासून का नाही?"

काका म्हणाले, "तो नोकरी सोडणार होता. मला खासगीत बोलला होता. पुण्याला चांगली संधी होती त्याला."

"शांतीला ठाऊक नाही हे. मी काल विचारलं."

"बायकोला सगळं सांगतात का माणसं?"

"तेही खरंच. दुसरी गोष्ट. नोव्हेंबरात मयत मदत धरलीत ती?"

"जनूसाठी." काका आनंदीबाईंकडे वळले. "म्हणजे जनूसारखं पुन्हा होऊ नये म्हणून. कोणीही गेलं तरी पैसे असावेत. मी बाईंशी भांडलो होतो यावरून."

"भांडलेच होते," आनंदीबाई पुटपुटल्या.

"चांगलं केलंत. पण बॉयलरवरच्या माणसाला एवढी रक्कम लागत नाही. ही रक्कम म्हणजे दत्तात्रेयच्या वाट्याची सहापट, रुपयाचाही फरक नाही. मी गोपाळच्या पगाराशी ताडून पाहिली, तुमच्याशी पाहिली, सगळ्या कामगारांशी पाहिली. ती फक्त एकाच माणसाला लागू पडते."

मालतीबाईंनी दोन्ही अंदाज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"आता बघा काका. दत्तात्रेय नोकरी सोडून जाणार होता, तर त्याची मयत मदत कशाला? आणि मयत मदत त्याचीच असेल, तर तो पुण्याला कसा जाणार होता? तुमची एक सबब दुसरीला खाते. दोन्ही खोडल्यावर खाली एकच गोष्ट उरते. पाकीट बंद करताना तुम्हाला ठाऊक होतं, हा माणूस नोव्हेंबर बघणार नाही."

"चूक असेल टायपिंगची," काका म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

"तुम्हाला वाटलं, आपापसातल्या रकमा शेवटी खोडल्याच जातात. बँकेला दिसत नाहीत, बाई बघत नाहीत. बघणारा एकटा दत्तात्रेय, आणि तो काही उरणार नव्हता. दोन्ही बाजू हातानं जुळवणारं दुसरं कोणी येईल हे तुम्ही धरलंच नव्हतं."

"बाई," राऊळ हळूच म्हणाले, "तुमचा निरोप आल्यावर गुप्त्यांच्या ड्रायव्हरला रात्री परत विचारलं. त्यानं साहेबांना दुपारी निडी स्टेशनाजवळ सोडलं होतं. गप्प बसायला सांगितलं होतं म्हणतो."

तरीही कमळाकर गुप्ते ताठ बसून होते. असली माणसं चोरी म्हटलं की मोडत नाहीत, खून म्हटलं तरी नाहीत. मालतीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"दत्तात्रेयच्या बायकोसाठी सहा महिन्यांचे पैसे बाजूला काढलेत. पुण्यवान माणूस! आणि काळुरामसाठी काय काढलंत, काका? तो फासावर गेला असता. त्याची आई आहे, पुतळी आहे. त्याला तुम्हीच सांगितलंत, पितरांना उपाशी ठेवू नको, घरी जा. तो गेला म्हणून तर तुमचं काम झालं. त्याच्या नावापुढे किती लिहिलंत?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांनी आनंदीबाईंकडे पाहिलं, राऊळांकडे पाहिलं.

"तो..." ते म्हणाले. "त्याचं माझ्या लक्षातच आलं नाही."

आणि मग ते रडले. मुलाचा पुण्यातला बुडालेला धंदा, त्यासाठी विकलेली पिंपं, दत्तात्रेयनं हात जोडून 'काका, बाईंना तुम्हीच सांगा, दसऱ्यापर्यंत थांबतो' म्हणणं, सगळं आलं बाहेर. पहार उचलली तेव्हा तो वाकून पिंपांवर बोटं वाजवत होता, रिकामं कुठलं ते ऐकत होता. शेवटी काका म्हणाले, "शांतीचे पैसे मात्र थांबवू नका." ते मनापासून म्हणाले, हेच सगळ्यात भयंकर होतं.

आनंदीबाई उठून आत गेल्या. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

६

काळुरामला दुपारी सोडलं. डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि पाऊल धड टेकत नव्हतं. राऊळांनी मालतीबाईंच्या नजरेला नजर दिली नाही. 'तपासाचा भाग' असं काहीसं ते म्हणाले.

पुतळी पुढे झाली. रडेल असं वाटलं होतं, पण ती भडकलीच. "तोंड काय झालाय तुजा! काय खाल्लास का नाय तिकडं?" मग तिनं त्याचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"कोन सापडला?" काळुरामनं विचारलं.

तिनं सांगितलं. तो थांबलाच.

"काका? आपलं काका?" त्यानं मालतीबाईंकडे पाहिलं. "नाय बाई. कायतरी चुकताव तुमी. कोठडीत मला दोन येलचा डबा काकांच्या घरून येत व्हता."

मालतीबाईंना वाटलं, सांगावं याला सगळं, फोड करून, ओळीनं. पण डब्याचं काय सांगणार? तो त्यांच्याही हिशेबात कुठे आला नव्हता.

"चुकलं नाही रे," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यानं गळ्यातला हात सावरला. मग पुतळीला म्हणाला, "चल, गाडी जाईल," आणि दोघं लंगडत स्टेशनाकडे निघाली. चौकीच्या फाटकाशी पोचल्यावर त्यानं बायकोला विचारलेलं मालतीबाईंना स्पष्ट ऐकू आलं.

"म्हंजे त्या दिसापासनं त्यांना ठावं व्हतं, आन मी त्यांचाच डबा जेवत व्हतो?"